राखणदाराची पारख

घराच्या संरक्षणासाठी मोठ्या जातीचा कुत्रा पाळू पाहणारे कुटुंब बहुधा उंची, वजन आणि जबड्याची ताकद यांची चौकशी आधी करते. परंतु कुत्र्यांच्या जाती कशा घडल्या हे पाहिले, तर या तिन्ही गोष्टी मागे पडतात आणि त्या जातीच्या पूर्वजांकडून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नेमके कोणते काम करून घेतले, हा प्रश्न पुढे येतो. ‘राखण’ या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळी कामे मोडतात. परक्याची चाहूल लागताच भुंकून घरच्यांना जागे करणे, ही जागल. परका आणि राखायची वस्तू यांच्यामध्ये उभे राहून त्याला पुढे येऊ न देणे, ही खरी राखण. आणि हुकूम होताच माणसाला धरणे व हुकूम होताच त्याला सोडणे हे तिसरे काम, जे पोलीस व लष्करी पथकांतील कुत्री दीर्घ शिक्षणानंतर करतात. जागल जवळजवळ कोणतेही कुत्रे करते आणि त्यासाठी पन्नास किलोंचा देह लागत नाही. तिसरे काम कुटुंबाच्या आवाक्यातले नसते, कारण त्यासाठी कुत्र्याइतकेच माणसालाही शिकावे लागते. मोठ्या राखणदार जातींचा खरा संबंध येतो तो दुसऱ्या कामाशी, आणि गैरसमजही याच कामाबद्दल सर्वाधिक आहेत.

हा विचार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात शेतघराचा राखणदार आणि कळपाचा राखणदार अशा दोन कुत्र्यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. कळपाचा कुत्रा पांढरा असावा, कारण पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून मेंढपाळाने आपल्याच कुत्र्यावर घाव घालू नये. शेतघराचा कुत्रा मात्र काळा असावा, कारण दिवसा तो चोराला अधिक भयंकर दिसतो आणि रात्री दिसतच नाही. त्याचा देह भरदार आणि आवाज घुमणारा असावा, म्हणजे चोर आधी आवाजाने आणि मग दर्शनाने हबकेल. याच ओघात कोलुमेलाने स्वभावाबद्दल जे म्हटले आहे ते आजच्या खरेदीदाराने सर्वांत लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे: फार गरीब कुत्रा चोरापुढेही शेपूट हलवतो आणि फार क्रूर कुत्रा घरच्यांवरच धावून जातो, म्हणून राखणदार या दोहोंच्या मधला असावा. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात एका घराच्या उंबऱ्यापाशी साखळीने बांधलेल्या काळ्या कुत्र्याचे कुट्टिमचित्र, म्हणजे लहान रंगीत तुकडे बसवून केलेले चित्र आहे, आणि त्याखाली कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. बंगल्यांच्या फाटकांवर आज दिसणाऱ्या पाटीची ती बहुधा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज म्हणता येईल.

मोठ्या राखणदार जातींमध्ये सर्वांत जुना आणि सर्वांत कमी समजला गेलेला गट कळपराख्या कुत्र्यांचा आहे. मेंढ्या हाकणारा कुत्रा आणि मेंढ्या राखणारा कुत्रा यांत मूलभूत फरक आहे. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील बॉर्डर कॉलीसारखा हाक्या कुत्रा मेंढीकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि मालकाच्या शिट्टीवर थांबतो. त्याच्या वागण्यात शिकारीची साखळी शाबूत असते, फक्त शेवटचा चावा काढून टाकलेला असतो. कळपराख्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ मुळातूनच क्षीण केलेली असते. तो मेंढ्यांमध्येच वाढतो, त्यांच्यातच झोपतो, त्यांच्यामागे धावत नाही आणि परके जनावर दिसले की उठून त्याच्या व कळपाच्या मध्ये जाऊन भुंकतो. तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातील कंगाल, हंगेरीतील कुवास आणि दोरखंडासारख्या बटा असलेला कोमोंडोर, इटलीच्या अब्रुत्सो भागातील मारेम्मा, फ्रान्स व स्पेनच्या सीमेवरील ग्रेट पिरेनीज, कॉकेशस पर्वतातील ओव्‌चार्का, मध्य आशियातील अलाबाय, काश्मीरमधील बकरवालांचा कुत्रा आणि हिमाचल प्रदेशातील गद्दी हे सारे याच धंद्याचे वारस आहेत.

या कुत्र्यांचा पद्धतशीर अभ्यास झाला तो अमेरिकेत. तेथील सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यास १९७२ मध्ये बंदी आली, कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटीपासून मेंढ्या वाचवण्याचा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने इटली, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हिया येथून कुत्री आणून ती मेंढपाळांना द्यायला सुरुवात केली. चांगल्या कळपराख्याची त्यांनी तीन लक्षणे मांडली: तो कळपाला इजा करत नाही, तो कळपाला सोडून जात नाही आणि परक्या जनावराच्या वागण्यात व्यत्यय आणतो. यातील तिसरे लक्षण विशेष आहे, कारण त्यात झुंज हा शब्द येत नाही. भुंकणारा मोठा कुत्रा अंगावर चालून येताच लांडग्याची किंवा कायोटीची शिकार करण्याची मनःस्थितीच मोडते आणि बहुतेक वेळा रक्त न सांडता प्रसंग टळतो. नामिबियात लॉरी मार्कर यांच्या चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन व कंगाल जातीची कुत्री दिली, तेव्हा बहुसंख्य शेतकऱ्यांच्या जनावरांची हानी मोठ्या प्रमाणात घटली आणि शेतकऱ्यांनी चित्त्यांना गोळ्या घालण्याचे प्रमाणही कमी झाले. कुत्र्याने येथे शेळ्यांबरोबर चित्त्याचीही राखण केली, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्राला हा धंदा परका नाही. दख्खनच्या पठारावर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याभोवती, वाघर म्हणजे जाळीचे कुंपण लावून मेंढ्या कोंडल्या की, रात्री जी कुत्री फिरतात ती कंगालच्या मानाने अंगाने बरीच हलकी असतात, त्यांच्याकडे वंशावळीचा कागद नसतो आणि त्यांचे पोट बहुतेक भाकरीवर भरते. तरीही माळरानावरच्या लांडग्यापासून कळप राखण्याचे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. सिवासच्या मेंढपाळांनी आपल्या कुत्र्यांना जवाच्या पिठाची उकड घातली आणि दख्खनच्या धनगरांनी भाकरी घातली, हा योगायोग नव्हे: मांस परवडत नसलेल्या माणसाचा राखणदार धान्यावर जगणारा आणि थोडक्यात भागवणाराच असावा लागतो. खंडोबाच्या मूर्तीसोबत घोड्याबरोबर कुत्राही कोरलेला असतो, यामागे हीच पशुपालकांची दुनिया आहे.

कुटुंबाच्या दृष्टीने मात्र कळपराख्याच्या गुणांतच त्याची अडचण दडलेली आहे. मेंढपाळ डोंगराच्या एका बाजूला आणि कळप दुसऱ्या बाजूला अशी स्थिती नेहमीची असल्यामुळे या कुत्र्याने हुकमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घ्यावा, अशीच निवड शतकानुशतके होत आली. ज्याला स्वतः ठरवायला शिकवले आहे तो हाकेला ओ देईलच असे नाही; ग्रेट पिरेनीज किंवा अलाबाय हाक ऐकतो, विचार करतो आणि बऱ्याचदा जागेवरच राहतो. जर्मन शेफर्डची सवय असलेल्या मालकाला हा मठ्ठपणा वाटतो. दुसरे असे की हा कुत्रा रात्री जागतो आणि रात्रभर भुंकतो, कारण भुंकणे हेच त्याचे मुख्य हत्यार आहे. दोन एकरांच्या शेतावर ते ठीक, सोसायटीत मात्र आठवड्याभरात तक्रार येते. तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. कुटुंबातील मुले हा त्याचा कळप ठरला की शेजारची मुले खेळायला येतात, मस्ती करतात, एकमेकांना पाडतात आणि किंचाळतात, तेव्हा ‘आपल्या’ मुलावर हल्ला झाला असा निष्कर्ष तो काढू शकतो आणि तो निष्कर्ष कोणाला विचारून काढत नाही. घरी सतत माणसांची ये-जा, दूधवाला, कुरिअरवाला, मोलकरीण आणि सणासुदीला भरलेले घर, ही मराठी कुटुंबाची रोजची स्थिती कळपराख्याच्या दृष्टीने न संपणारी संकटांची मालिका असते.

तिबेटी मॅस्टिफ हे नाव ऐकून तो मॅस्टिफांच्या गटातला वाटतो, पण धंद्याने तो याच कुळातला आहे. तिबेटी भाषेतील त्याच्या ‘दो-खी’ या नावाचा अर्थच बांधून ठेवलेला कुत्रा असा सांगितला जातो: दिवसा तंबूच्या दाराशी बांधायचा आणि रात्री मोकळा सोडायचा. विरळ हवेत तग धरण्याची क्षमता देणारा एक जनुकीय अंश या जातीला तिबेटी लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाला, असे जनुकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. चीनमध्ये या कुत्र्याला प्रतिष्ठेचे मोल आले आणि २०१४ मध्ये एक पिल्लू सुमारे १ कोटी २० लाख युआनला विकले गेल्याच्या बातम्या झळकल्या. फॅशन ओसरताच पैदासकारांनी सोडून दिलेली हीच कुत्री तिबेटच्या पठारावर टोळ्यांनी भटकू लागली. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवरच्या थंडीसाठी घडलेला हा कुत्रा मुंबई-पुण्यात विकत घेण्याला हौसेपलीकडे कोणतेही कारण देता येत नाही.

दुसरा गट मॅस्टिफांचा, म्हणजे रुंद डोके, आखूड जबडा आणि जाड मान असलेल्या, वाड्याच्या व मालमत्तेच्या राखणीसाठी वाढवलेल्या जातींचा. इंग्लिश मॅस्टिफ, इटलीचा केन कोर्सो, फ्रान्सचा दोग द बोर्दो आणि दक्षिण आफ्रिकेचा बोअरबोल ही त्यातील परिचित नावे. यांत कुटुंबाने विशेष समजून घ्यावी अशी कहाणी बुलमॅस्टिफची आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जमीनदारांच्या रानातून सावज चोरणाऱ्यांना कठोर शिक्षा होत, त्यामुळे ते रखवालदारावर गोळी झाडायलाही कचरत नसत. रखवालदारांना असा कुत्रा हवा होता जो रात्री न भुंकता चोरापर्यंत पोचेल, त्याला आडवा पाडेल आणि फाडून न काढता दाबून धरेल. मॅस्टिफचा भार आणि त्या काळच्या बुलडॉगची हिंमत एकत्र करून तो तयार केला गेला आणि १९२४ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. रात्रीच्या अंधारात मिसळून जाणारा पट्टेदार गडद रंग रखवालदारांना पसंत होता; कोलुमेलाचा काळा कुत्रा येथे नव्या रूपात भेटतो. घरात बुलमॅस्टिफ बहुधा शांत आणि काहीसा आळशी असतो, मुलांशी सोशिकपणे वागतो. त्याचे वैरी चोरापेक्षा उन्हाळा आणि सांधेदुखी हेच अधिक.

तिसरा गट जर्मनीत अवघ्या काही दशकांत आकाराला आला. थुरिंजियातील अपोल्डा गावात करवसुलीचे आणि भटकी कुत्री पकडण्याचे काम करणाऱ्या कार्ल फ्रीडरिख लुईस डोबरमान याने आपल्या धोक्याच्या धंद्यात सोबत राहील असा चपळ, सावध कुत्रा जमवायला सुरुवात केली आणि १८९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ती जात त्याच्याच नावाने रूढ झाली. रॉटवाइल या जुन्या रोमन वसाहतीच्या गावातील खाटीक गुरे हाकण्यासाठी व गाडी ओढण्यासाठी जो कुत्रा वापरत, तो रेल्वेने गुरांची वाहतूक सुरू झाल्यावर जवळजवळ नाहीसा होण्याच्या मार्गावर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसांनी त्याला उचलले म्हणून रॉटवाइलर टिकला. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळाच्या माजी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये एका प्रदर्शनात पाहिलेला कुत्रा विकत घेऊन जर्मन शेफर्डची नोंदवही उघडली. या जातीसाठी पुढे शुट्झहुंड, म्हणजे संरक्षक कुत्रा, या नावाची परीक्षा रूढ झाली आणि तिचे तीन भाग होते: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. संरक्षणाच्या भागात कुत्रा चावतो की नाही याइतकेच तो सांगितल्यावर सोडतो की नाही याला महत्त्व असते. कळपराख्या आणि जर्मन जातींमधला फरक नेमका येथे आहे: एक स्वतः ठरवतो, दुसरा माणसाच्या तोंडाकडे पाहतो. कुत्रा पाळण्याचा अनुभव नसलेल्या कुटुंबासाठी दुसरा प्रकार निश्चितच अधिक सुरक्षित आहे, मात्र त्याच्याशी रोज काम करणारे माणूस घरात असले पाहिजे, कारण काम न मिळालेला शेफर्ड किंवा डोबरमन स्वतःच काम शोधतो आणि ते घराला आवडेल असे नसते.

भारतातील उंच देशी जातींबद्दलही एक घोटाळा नेहमी होतो. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातील कारवान, बागलकोटकडचा मुधोळ आणि तमिळनाडूतील राजापालयम यांच्या उंचीमुळे त्यांना राखणदार मानले जाते. परंतु यांतील कारवान व मुधोळ हे मुख्यतः नजरेने सावज हेरून वेगाने गाठणारे शिकारी आहेत. कर्नाटकातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यावरचा एक शिलालेख रानडुकराशी झुंजत मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची स्मृती जपतो, आणि दख्खनमध्ये शिकारी कुत्र्याला असलेला मान त्यावरून कळतो. मुधोळ किंवा कारवान परक्याबद्दल सावध असतो, जागल उत्तम करतो, उष्ण हवेत मजेत राहतो. पंचवीस किलोंच्या या सडपातळ कुत्र्याकडून दांडगाईची अपेक्षा करणे मात्र त्याच्या पूर्वजांच्या धंद्यावर अन्याय करण्यासारखे आहे. राजापालयम हा यांत अपवाद, कारण शिकारीबरोबर शेत आणि घर राखण्यासाठीही तो ठेवला जात असे.

इथपर्यंत जातींचा विचार झाला. पण जात किती सांगते आणि किती सांगत नाही, याचाही हिशेब मांडायला हवा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय नमुने तपासले गेले, तेव्हा वैयक्तिक वागणुकीतील फरकांपैकी सरासरी अवघे ९ टक्के फरक जातीमुळे स्पष्ट होतात असे दिसले. माणसाचे ऐकण्याचा कल जातीशी बऱ्यापैकी जोडलेला निघाला, तर चिथावणीवर चिडण्याची मर्यादा जातीशी फारच थोडी जोडलेली निघाली. याचा अर्थ जात निरर्थक आहे असा नाही. जात शरीराची जवळजवळ खात्री देते आणि स्वभावाची शक्यता तेवढी सांगते. साठ किलोंचा कुत्रा साठ किलोंचाच होणार, तो चिडका निघाला तर त्याचा चावा पाच किलोंच्या पॉमेरेनियनच्या चाव्यासारखा नसणार. म्हणून मोठ्या जातीत स्वभावाची परीक्षा अधिक कडक असावी लागते.

स्वभाव घडण्याचा काळ फार लवकर संपतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संशोधनातून साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा असतो, हे स्थिर झाले. या काळात पिल्लाने निरनिराळ्या वयांची माणसे, छत्री, स्कूटर, काठी टेकत चालणारे आजोबा, रडणारे बाळ आणि ढोलाचा आवाज शांतपणे अनुभवला, तर मोठेपणी परके आणि धोकादायक यांत त्याला फरक करता येतो. राखणदार कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला लहानपणी कोणालाही भेटू न देण्याची आपल्याकडची प्रथा नेमकी उलट फळ देते: असा कुत्रा शूर होत नाही, भित्रा होतो, आणि भित्र्या मोठ्या कुत्र्याइतका धोकादायक प्राणी घरात दुसरा नसतो. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक वेळा घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात. तिखट, मिरची खाऊ घालून किंवा दारू पाजून कुत्रा ‘गरम’ करण्याचे प्रकार तर निव्वळ क्रौर्य आहेत. दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याचेही तेच; आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे, हे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हे आहेत.

मोठा देह स्वतःच्या व्याधी घेऊन येतो आणि विक्रेता त्यांबद्दल क्वचितच बोलतो. मोठ्या कुत्र्याची हाडे दीड ते दोन वर्षांपर्यंत वाढत असतात. या काळात पिल्लू दांडगे व्हावे म्हणून कॅल्शियमचे सिरप पाजण्याची पद्धत भारतात सर्रास आहे. वास्तविक नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांनी १९८०च्या दशकातच दाखवले की मोठ्या जातीचे पिल्लू जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखू शकत नाही आणि त्यामुळे त्याची हाडे विकृत वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य देत असताना वरून कॅल्शियम देणे म्हणजे पैसे मोजून लंगडेपणा विकत घेणे होय. खुब्याचा सांधा सैल घडण्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, शेफर्ड, रॉटवाइलर आणि मॅस्टिफांत वारशाने येतो, म्हणून आईबापांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र मागणे हा खरेदीदाराचा अधिकार मानावा. डोबरमनमध्ये हृदयाचे स्नायू पातळ व दुबळे होण्याचा रोग इतका पसरलेला आहे की युरोपातील एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कुत्र्यांत तो आयुष्यात कधी ना कधी आढळला. खोल छातीच्या सर्व जातींत पोट वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेण्याचा धोका असतो. कुत्रा ओकारीचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखे होते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. हे लक्षण घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ग्रेट डेन व मोठे मॅस्टिफ बहुधा सात ते दहा वर्षेच जगतात, हेही मुलांना कुत्रा आणून देण्यापूर्वी आईवडिलांनी लक्षात घ्यायचे आहे.

हवामानाचा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येण्यासारखा नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे जीभ व श्वासमार्ग ओले ठेवून त्यांवरून हवा खेळवून थंड होतो. देह जितका मोठा तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र कमी, त्यामुळे उष्णता बाहेर पडणे अवघड; त्यात जबडा आखूड असला की धाप टाकण्याची सोयही तोकडी पडते. कॉकेशियन ओव्‌चार्का किंवा तिबेटी मॅस्टिफ विदर्भाच्या मे महिन्यात वातानुकूलित खोलीशिवाय सुखाने जगू शकत नाही, आणि वातानुकूलित खोलीत बंद कुत्रा अंगणाची राखण करत नाही, हा साधा विरोधाभास लाखभर रुपये मोजणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

कायद्याची बाजू गेल्या काही वर्षांत चर्चेत आली. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवाइलर, कंगाल, अलाबाय, कॉकेशियन ओव्‌चार्का, बोअरबोल, केन कोर्सो आणि सर्व मॅस्टिफ यांसह २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांशी सल्लामसलत झाली नसल्याच्या कारणावरून एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. त्याआधी, २०२२ मध्ये, गाझियाबाद महानगरपालिकेने पिटबुल, रॉटवाइलर आणि डोगो आर्जेंटिनो या जातींवर स्वतःच्या हद्दीत निर्बंध घातले होते. त्यामुळे स्थानिक संस्थेचा नियम आणि परवाना यांची चौकशी पिल्लू पाहण्याआधी करावी. जात कोणतीही असो, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१७च्या पैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराची नोंदणी असावी लागते. केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, स्वभाव सांगत नाही.

या सर्वांचा विचार करता शहरातील सदनिकेत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला मोठ्या राखणदार जातीची गरज नाही. तेथे चोराला हवी असलेली शांतता मोडणारा मध्यम आकाराचा, जागरूक कुत्रा पुरतो, आणि तो गल्लीतला देशी असला तरी काम चोख करतो. बंगला आणि अंगण असलेल्या, रोज दोन तास देऊ शकणाऱ्या कुटुंबाने शांत आईबापांची जर्मन शेफर्ड मादी पहिल्या क्रमांकावर ठेवावी, अनुभव असेल तर रॉटवाइलरचा विचार करावा. घरात लहान मुले असल्यास दोन वर्षांचा, स्वभाव स्पष्ट झालेला कुत्रा पिल्लापेक्षा बरा, कारण राखणीची वृत्ती मोठ्या जातींत दीड-दोन वर्षांनंतरच खऱ्या अर्थाने प्रकट होते आणि तोवर घरात राखणदार नसून चाळीस किलोंचे वांड पोर असते. शेतवस्तीवर, जिथे कुंपण आहे, जनावरे आहेत आणि शेजार दूर आहे, तिथेच कळपराख्याचा विचार योग्य. तिथेही परदेशी नावापेक्षा परिसरातल्या धनगराच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू हवामानाला, खाण्याला आणि कामाला अधिक योग्य ठरते.

पिल्लू पाहायला जाताना वाचकांनी एक गोष्ट आवर्जून करावी: पिल्लांकडे वळण्यापूर्वी, मालक शेजारी असताना, त्यांच्या आईजवळ अर्धा तास बसावे. ती आधी भुंकून, मग हुंगून, मालकाच्या शब्दावर खाली बसली, तर पुढचे बोलणे करावे. मालकाने तिला साखळीने आवरून धरले असेल किंवा ती कोपऱ्यात अंग चोरून गुरगुरत असेल, तर पिल्लू कितीही देखणे असले तरी रिकाम्या हाताने परतावे.